पाच डझन ‘देवगड हापूस’, 7,300 रुपये, आणि आंबा कर्नाटकातला

सोसायटीच्या गेटबाहेर ‘थेट बागायतदाराकडून’ असा स्टॉल लागला होता. अक्षय्य तृतीयेसाठी पाच डझनांची पेटी घेतली. डझनाला 1,400 प्रमाणे 7,000, वर घरपोचचे 300. पैसे आधी, फोनवरून. बिल मागितलं तर म्हणे, “शेतकऱ्याकडं कसलं बिल, दादा!”

आंबे पिकले तरी घरात वास नाही. साल जाड, गर फिकट पिवळा. गवताखाली कन्नड वर्तमानपत्र. आई म्हणाली, “सात हजारांत हे?”

संताप होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पेटीवर ठळक छापलं होतं: ‘अस्सल देवगड हापूस, जि. रत्नागिरी’. देवगड सिंधुदुर्गात! मी ते वाचलंही होतं. मनात म्हटलं, 1981 पर्यंत तो भाग रत्नागिरीतच होता, जुने लोक अजून तसंच लिहितात. त्या भामट्याची वकिली मीच केली, फुकटात. पण तुम्हीही केली असती. पेटीवर जीआयचा (भौगोलिक मानांकन, म्हणजे माल ठरलेल्या भागातलाच असल्याची नोंदणी) लोगो होता आणि चाखायला दिलेली फोड केशरी, अगदी खरी. चाखायला कोकण, पेटीत कर्नाटक. म्हणून सांगतो, फोड त्याने पुढे केलेल्या आंब्याची खाऊ नका. पेटीच्या तळातला आंबा स्वतः काढा आणि तो कापायला लावा.

कर्नाटकच्या आंब्याशी माझं भांडण नाही. मार्केट यार्डात तो ‘कर्नाटक’ म्हणूनच 550 ला डझन होता. त्या नावाने विका, मी आनंदाने रस करीन. पण हापूसला 2018 साली जीआय मिळालाय तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरता.

चौकीत गेलो. “आंब्याची तक्रार?” म्हणून आधी हसले, मग ग्राहक आयोगाकडे बोट. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात विचारलं, “आंबा खाऊन कोणी आजारी पडलं का?” नाही पडलं, साहेब, माफ करा! कायद्यात खोट्या जीआयला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड आहे. वाचून बरं वाटतं. पण झडती घ्यायची तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी हवा, आणि त्यानेही आधी जीआय रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. रजिस्ट्री चेन्नईला. तिकडून मत येईपर्यंत आंब्याची कोय तरी उरेल का?

नुसता लोगो कोणीही छापतो. अधिकृत वापरकर्त्याचा, म्हणजे जीआय वापरायची नोंदणी असलेल्याचा, नोंदणी क्रमांक मागा, त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळतंय का बघा. माझे पैसे गेले ते कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाच्या खात्यावर. आगाऊ देऊ नका. आणि बिल घ्याच, कारण मी गेलो त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न आलाच: बिल कुठाय?