टी-३४/८५ चं १/३५ किट: बांधून, रंगवून आणि काही महिने ठेवून झाल्यावर

कुठलंही मॉडेल रंगाचा शेवटचा हात सुकतो त्या दिवशी चांगलंच दिसतं. किटचा (जोडून मॉडेल करायच्या सुट्या प्लॅस्टिक भागांच्या संचाचा) आणि आपण वापरलेल्या साहित्याचा कस लागतो तो पुढच्या काही महिन्यांत. पुट्टी आकसते, जोडाची रेघ पुन्हा वर येते, मऊ व्हिनाइलचे ट्रॅक (चाकांवरून फिरणारे पट्टे) चाकांना चिकटतात, पितळी जाळीचा कोपरा सुटतो. म्हणून इथे डब्यात काय काय आहे यापेक्षा त्यातलं काय टिकलं आणि का टिकलं, यावर जास्त लिहितो आहे.

किट टी-३४/८५ चं आहे, म्हणजे १९४४ पासून आघाडीवर आलेल्या, ८५ मिमी तोफ आणि तीन माणसांचा मोठा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) असलेल्या सोव्हिएत रणगाड्याचं. खरा रणगाडा तोफेसकट सुमारे ८.१ मीटर लांब. १/३५ मापात तो साधारण २३ सेंटीमीटर भरतो. आतलं इंजिन वगैरे दिलेलं नाही. त्यामुळे झाकणं उघडी ठेवली तर आतली पोकळी दिसते. ती बंदच ठेवावीत, नाहीतर कमांडरच्या झाकणात अर्धा बाहेर आलेला सैनिक बसवावा.

चाकांचे एकाहून जास्त प्रकार दिलेत आणि सूचनापत्रक त्याबद्दल फारसं बोलत नाही. १९४४-४५ चा रणगाडा करायचा असेल तर कडेला रबर असलेली चाकं घ्या. नंतरच्या टी-५४/५५ रणगाड्यांच्या धाटणीची, ताऱ्यासारख्या उभारांची चाकं युद्धानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये आली. ती लावून टरेटवर बर्लिनच्या लढाईतला पांढरा पट्टा काढला तर जाणकार माणूस लांबूनच चूक ओळखतो.

भाग कापण्याबद्दल थोडक्यात. भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या फ्रेम्स आधी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्याव्यात, साच्याचं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो. कटरने भागापासून दीड-दोन मिलिमीटर अंतरावर पहिला काप, मग जवळून दुसरा, उरलेला उंचवटा सुरीने आणि ४००, ६००, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने. एकाच कापात भाग तोडला की प्लॅस्टिकवर पांढरट ताण येतो किंवा खळगा पडतो. झाकणांच्या आतल्या बाजूला इजेक्टर पिनच्या (साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांच्या) गोल खुणा आहेत. झाकण बंद राहणार असेल तर त्यात वेळ घालवू नये.

या किटची सर्वात कच्ची जागा म्हणजे हलचा (रणगाड्याच्या मुख्य धडाचा) वरचा आणि खालचा भाग जुळतो तो मागचा जोड. तिथे साधारण अर्धा मिलिमीटर फट राहते. ती कशी भरली यावर पुढचं सगळं अवलंबून. द्रव सॉल्व्हंटची पुट्टी एकदम जाड थापली तर वरून कोरडी वाटते, घासल्यावर गुळगुळीतही होते, पण आतला द्रावक उडत राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी रंगाखाली बारीक दबलेली रेघ दिसू लागते. प्लॅस्टिक सिमेंटचं तेच. जोड दाबल्यावर बाहेर आलेलं वितळलेलं प्लॅस्टिक दुसऱ्याच दिवशी घासलं की नंतर ते खाली बसतं. उपाय असा: फटीत ०.३ किंवा ०.५ मिमी प्लॅस्टिक शीटची पट्टी सिमेंटने बसवायची, ती चार-पाच दिवस तशीच ठेवायची, मग कापून सपाट करायची, आणि उरलेल्या केसाएवढ्या फटीलाच पुट्टी लावायची. भरणाला सुपरग्लू वापरला तर तो आकसत नाही. पण तो तासाभरात घासून घ्यावा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना आजूबाजूचं मऊ प्लॅस्टिकच आधी झिजतं.

चाकांच्या दांड्या खोबणीत सैल बसतात. एका बाजूच्या पाचही दांड्या सिमेंट लावून, ओल्या असतानाच रणगाडा काचेवर ठेवायचा आणि आसांवर स्टीलची पट्टी टेकवून सगळ्या एका रेषेत आणायच्या. एक चाक जरी अर्धा मिलिमीटर अधांतरी राहिलं तरी ट्रॅक बसवल्यावर ते लपत नाही, उलट उठून दिसतं.

आता ट्रॅक. डब्यात व्हिनाइलचा अखंड पट्टा आहे आणि सुट्या कड्यांचा संचही आहे. पट्टा बसवायला दहा मिनिटं लागतात, पण त्याचे दोन तोटे. एक, टी-३४ ला वरचे आधार-रोलर नाहीत. वरचा ट्रॅक आपल्या वजनाने चाकांवर टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये किंचित झोळ धरतो. ताणलेला पट्टा हा झोळ दाखवतच नाही. दुसरा तोटा उशिरा कळतो: मऊ व्हिनाइलमधलं प्लॅस्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि जिथे पट्टा पॉलिस्टायरिनच्या, म्हणजे किटच्या कडक प्लॅस्टिकच्या, चाकाला लागतो तिथलं प्लॅस्टिक चिकट होतं, वितळतं. चाकांना आणि पट्ट्याला दोन्हीकडे प्रायमरचा पूर्ण हात असेल तर हे लांबतं, पण कायमचं टळतं असं नाही.

त्यामुळे सुट्या कड्या. ५०० मिमी रुंदीच्या ट्रॅकला एका बाजूला साधारण ७२ कड्या, एकाआड एका कडीला मधलं शिंग. हे शिंग शोभेचं नाही. टी-३४ च्या मागच्या ड्राइव्ह चाकाला बाहेर दात नसतात. आतल्या रोलरमध्ये ही शिंगं अडकून ट्रॅक ओढला जातो. म्हणून क्रम चुकून शिंगाच्या दोन कड्या शेजारी आल्या तर ड्राइव्ह चाकावर ट्रॅक बसणारच नाही. बांधायची पद्धत: टेबलावर उलटी चिकटपट्टी, तिच्यावर कड्या सरळ पट्टीच्या कडेने लावून घ्यायच्या, प्रत्येक जोडावर पातळ सिमेंटचा एकच थेंब. वीस ते तीस मिनिटांनी ही साखळी लवचीक असते पण तुटत नाही. तेव्हाच ती चाकांवरून गुंडाळायची, वरच्या भागात ट्रॅक आणि फेंडरच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबून झोळ द्यायचा आणि रात्रभर सोडायचं. चाकांना ट्रॅक चिकटवायचा नाही, एकाच ठिकाणी जोड सुटा ठेवायचा. मग ट्रॅक काढून वेगळा रंगवता येतो. अशा ट्रॅकचा झोळ महिन्यांनंतरही जसाच्या तसा आहे. ज्याला या मॉडेलवर एकच ज्यादा संध्याकाळ घालायची असेल त्याने ती इथे घालावी.

टरेट ओतीव पोलादाचा होता आणि किटमध्ये तो जरा जास्तच गुळगुळीत आहे. जाड सरफेसर (भरणाचा प्रायमर) किंवा सिमेंटमध्ये पातळ केलेली पुट्टी जुन्या, आखूड केसांच्या ब्रशने उभी टोचून लावली की ओतकामाचा पोत येतो. सुकल्यावर ६०० च्या कागदाने फक्त टोकं उतरवायची. टरेटच्या बाजूने जी आडवी रेघ जाते ती मात्र घासू नका. ती किटच्या साच्याची चूक नाही, खऱ्या टरेटवरच साच्याचे दोन भाग जुळतात तिथे ती ठळकपणे दिसे. उलट तीच थोडी खडबडीत करावी. तोफेच्या नळीवरची साच्याची रेघ मात्र जायलाच हवी, आणि तीही कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती फिरवत. सपाट घासली तर नळी एका बाजूने चपटी होते.

मागच्या इंजिन डेकवरची जाळी प्लॅस्टिकमध्ये भरीव ओतलेली आहे, पितळी जाळी लावली तर फरक लगेच दिसतो. पितळ आधी ज्योतीवर तापवून मऊ करावं, मग वाकवावं. सुपरग्लूने लावलेले पितळी भाग महिन्यांनी सुटतात कारण हा गोंद ओढ सहन करतो, आडवा धक्का नाही. जिथे हात लागण्याची शक्यता आहे तिथे दोन भागांचा इपॉक्सी वापरा.

रंगकामात एकच नियम पाळला तर बाकी सगळं सुरळीत होतं: वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये. लॅकर प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक रंग, त्यावर ॲक्रिलिकचं क्लिअर (पारदर्शक व्हार्निश), मग एनॅमलचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), मग ऑइल रंग, शेवटी पिगमेंट (माती-धुळीसाठीची रंगीत पूड). क्लिअर एनॅमलचं असेल तर वॉश पुसायला घेतलेला व्हाइट स्पिरिटचा ब्रश क्लिअरही पुसून काढतो. ॲक्रिलिकमध्येही फरक आहे. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलच्या धाटणीचे आहेत, त्यात लॅकर थिनर चालतो आणि रंग जास्त घट्ट धरतो; व्हॅलेहोसारख्या पाण्याच्या रंगात तोच थिनर घातला की गुठळ्या होतात, त्यांना त्यांचाच थिनर द्यावा. ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश, एक बारच्या आसपास दाब, रंग आणि थिनर साधारण निम्मे-निम्मे, अंतर आठ-दहा सेंटीमीटर. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत आला तर रंग हवेतच सुकतोय: जवळ या किंवा थिनर वाढवा. लॅकर थिनर असेल तर ऑर्गॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

सोव्हिएत रणगाड्यांचा ४बीओ नावाचा हिरवा रंग प्रत्येक बाटलीत वेगळा निघतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा तो थोडा उजळ करणं महत्त्वाचं, कारण लहान मापावर गडद हिरवा जवळजवळ काळा दिसतो. उजळायला पांढरा नको, त्याने रंग खडूसारखा होतो. पिवळा किंवा बफ (फिकट पिवळसर तपकिरी) घाला. हिवाळी चुन्याचा हात दाखवायचा असेल तर हिरव्यावर क्लिअर, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, त्यावर पाण्यात पातळ केलेला पांढरा ॲक्रिलिक. इथे लॅकर थिनर वापरला तर पांढरा इतका घट्ट बसतो की पाण्याने निघत नाही. अर्ध्या-एक तासात ओल्या ब्रशने खरवडायला घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत पृष्ठभागावरच लावा. मॅटवर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी चकाकी दिसते. सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) लावल्यावर डेकल सुरकुततं. हात लावू नका, ते आपोआप बसतं.

वॉश गडद तपकिरी, काळा नव्हे, आणि फक्त जोड, बोल्ट आणि वेल्डच्या कडेने. वीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश वरून खाली ओढा, पावसाचं पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने. खालच्या बाजूला चाकांच्या दांड्यांपाशी वॉश साचू देऊ नका. न रंगवलेल्या आणि ताणात असलेल्या पॉलिस्टायरिनच्या सांध्यात हा द्रावक शिरला की प्लॅस्टिक ठिसूळ होऊन चिरतं. ताणून बसवलेले आस म्हणूनच एका रात्रीत तुटतात. दांड्या आतूनही प्रायमर मारून झाकल्या तर हे होत नाही.

पिगमेंटने महिन्यांत सर्वात जास्त निराशा केली. व्हाइट स्पिरिटने बसवलेली माती शेल्फवर धूळ होऊन पडत राहते. मॅट व्हार्निश मारलं तर टिकते, पण ओली झाल्यासारखी गडद होते आणि निम्मी दिसेनाशीच होते. जी पद्धत टिकली ती अशी: पहिला थर ॲक्रिलिक मॅट मीडियम आणि बारीक पिगमेंट मिसळून चिखल म्हणून ट्रॅक आणि हलच्या खालच्या भागावर, तो पूर्ण सुकल्यावर वर अगदी थोडं कोरडं पिगमेंट फिक्सरने. ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडा शेवटी ग्राफाइट पेन्सिलने घासा. ही चमक अजूनही तशीच आहे.

मॅट पृष्ठभाग धूळ धरतो आणि फुंकून ती जात नाही. मऊ, रुंद ब्रश पुरतो, पण पिगमेंट असलेला खालचा भाग त्यातून वगळा. थेट उन्हात ठेवलेल्या मॉडेलचे डेकल कालांतराने खराब होतात. पांढऱ्या पट्ट्याचा टरेट असेल तर तो डेकलऐवजी मास्किंग टेप लावून रंगवा, आणि पांढऱ्याखाली आधी फिकट राखाडीचा एक हात द्या. हिरव्यावर थेट पांढरा झाकायला चार हात लागतात आणि टेपच्या कडेला बांध उभा राहतो.