मेपल सांगून पॉप्लर गळ्यात मारलं

म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंबे घेताना आपण टोपलीच्या तळाशी हात घालून बघतो. लाकूड घेताना मात्र मी तेवढं केलं नाही आणि ४,२०० रुपयांना बसलो.

भाच्याला लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, हवा होता. म्हटलं, डेक, म्हणजे उभं राहायची फळी, घरीच करू. हार्ड मेपल या टणक लाकडाच्या व्हिनियरच्या, म्हणजे पातळ कापलेल्या लाकडाच्या, साधारण १.६ मिलिमीटरच्या सात शीट लागतात, पाच उभ्या रेषांच्या आणि दोन आडव्या. गोंद लावून थर्माकोलच्या साच्यावर रचायच्या, पिशवीत घालून पंपाने हवा ओढायची. बाहेरची हवाच तेवढ्या जागेवर सुमारे तीन टनांनी दाबून धरते. हा भाग मस्त जमला, तक्रार नाही.

शीट एका प्लायवूडवाल्याकडून आणल्या. "कॅनडाचं मेपल, बाब. मुंबईहून खास मागवलंय." गठ्ठा सुतळीने करकचून बांधलेला. वरची शीट पाहिली, उलटून खालची पाहिली. दोन्ही गुळगुळीत, बारीक रेषांच्या. पैसे फोनवरून दिले. घरी सुतळी सोडल्यावर मधल्या पाच जरा फिक्या वाटल्या, पण झाडाझाडात फरक असतो म्हणून मीच स्वतःची समजूत काढली.

भाचा ६२ किलोचा. पडवीत उभा राहिला तर बोर्डाचं पोट खाली गेलं, दुसऱ्यांदा कडकन आवाज.

दुकानात गेलो तर शेट म्हणाला, "पावसाळी हवा, तुमचा गोंद धरला नसणार." मोडलेला डेक करवतीने आडवा कापला. गोंदाची एकही रेघ सुटली नव्हती, फुटलं होतं ते लाकूडच. वरचा-खालचा थर घट्ट. मधले पाच मात्र लोकरीसारखे पिंजलेले. ओलं बोट फिरवलं तर चहासारखा रंग बोटाला आला. पॉप्लर, मेपलपेक्षा हलकं, मऊ लाकूड, तेही रंगवलेलं!

किचनचा काटा आधी काढला असता तर हे टळलं असतं. १२० बाय ३० सेंटिमीटरची, १.६ मिलिमीटरची मेपलची शीट ४०० ग्रॅमच्या आसपास भरते, पॉप्लरची जेमतेम अडीचशे. गठ्ठा सोडायला लावा, प्रत्येक शीट वेगळी तोला. नख दाबूनही पाहा. हार्ड मेपलवर सहजी वण पडत नाही.

बिलाचं तर बोलूच नका. चिठ्ठीवर "व्हिनियर ७ नग" एवढंच. शेटने त्यावरच बोट ठेवून दाखवलं, "यात मेपल कुठे लिहिलंय?" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. लाकडाचं नाव आणि जाडी लिहिलेलं पक्कं बिल मागितलं असतं, तर शेटने बहुतेक तिथेच "मेपल संपलं" म्हटलं असतं.

परवा तिथूनच फोन आला. "बाब, आता अस्सल मेपल आलंय." काटा घेऊन येतो म्हटलं, तर म्हणे आज दुकान बंद आहे.