प्रतिक्रियावेळ मोजायची: संगणकावर की मायक्रोकंट्रोलरवर?

दिवा दिसताच बटण दाबायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. त्यातला 10 मिलिसेकंदांचा फरक शोधायचा असेल, तर मोजणारं साधन नीट निवडायला हवं.

संगणकाचं घड्याळ स्वतः उत्तम असतं; मायक्रोसेकंदाहून बारीक वेळ ते सांगतं. गडबड होते ती घड्याळाच्या दोन्ही बाजूंना. 60 हर्ट्झचा पडदा 16.7 मिलिसेकंदांनी एकदाच ताजा होतो, त्यामुळे ‘आता दाखव’ म्हटलं तरी चित्र लगेच उमटत नाही. 125 हर्ट्झने तपासला जाणारा यूएसबी कीबोर्ड आणखी 8 मिलिसेकंदांपर्यंत उशीर करतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम मधेच दुसऱ्या कामाला लागू शकते. ब्राउझर तर सुरक्षेसाठी घड्याळ मुद्दाम भरड ठेवतात.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक; त्यावर एलईडी आणि बटण थेट पिनांना जोडलेले असतात. 16 मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचं घड्याळ 4 मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने चालतं, आणि इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच दखल घेण्याची सोय) वापरला की दाबल्याचा क्षण जवळपास तिथल्या तिथे नोंदला जातो. बटणाचे संपर्क थरथरतात, म्हणून पहिलीच नोंद धरावी. मात्र शब्द, चेहरे दाखवायचे असतील तर हा मार्ग तोकडा पडतो.

एकाच माणसाच्या दोन स्थितींची तुलना करायची असेल, तर मी संगणकच घेईन: ठरावीक उशीर वजाबाकीत निघून जातो, अनियमित उशीर बऱ्याच फेऱ्यांच्या सरासरीत विरतो. दोन वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर मात्र मायक्रोकंट्रोलरच. किंवा पडद्यावर फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा सेन्सर) चिकटवून आधी उशीर मोजून घ्यावा.