जुन्या मारुती 800 चा कार्बोरेटर ठेवावा की एमपीएफआय मॅनिफोल्ड चढवावा?

आधी दोन पॅकिंग (इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी गॅस्केट) एकावर एक ठेवून बघा, मग पुढचं बोलू. एवढं मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर एक चक्कर वाचली असती. भंगारातून एमपीएफआयचा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा, मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) आणला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मारुतीचाच आहे, आठशे सीसीचाच आहे." खोटं काही नव्हतं त्यात. फक्त तो अल्टोचा होता. अल्टोचं इंजिन एफ8डी, बारा व्हॉल्व्हचं. आपल्या 800 चं एफ8बी, सहा व्हॉल्व्हचं. सीसी दोन्हींची 796, हेड (इंजिनचा वरचा भाग, जिथं मॅनिफोल्ड बसतो) मात्र वेगळं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी माझ्या हेडचं नवं पॅकिंग त्या मॅनिफोल्डच्या तोंडावर धरलं, एकदा उलटं करून धरलं, आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं.

म्हणजे घ्यायचाच झाला तर एमपीएफआय 800 चा किंवा ओम्नीचा, सहा व्हॉल्व्हवाल्या इंजिनाचा घ्या, आणि तोही पॅकिंग लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जिप्सीवाल्यांनी तर या फंदात पडूच नये. कार्बोरेटरची जिप्सी किंग आठ व्हॉल्व्हची, एमपीएफआयची सोळा. तिथं मॅनिफोल्डचा प्रश्न उरत नाही, अख्खं इंजिनच बदलायची गोष्ट होते.

आता मुद्द्याचं. हे दोन मॅनिफोल्ड दिसायला एकाच कामाचे वाटतात, पण त्यांच्यातून जाणारा माल वेगळा. कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमधून हवा आणि पेट्रोल मिसळूनच जातं. थंड धातूला पेट्रोल चिकटतं, भिंतीवरून ओघळतं, म्हणून त्या मॅनिफोल्डला खालून इंजिनचं गरम पाणी फिरवून शेक दिलेला असतो. एमपीएफआयमध्ये नुसती कोरडी हवा येते आणि पेट्रोल अगदी व्हॉल्व्हच्या तोंडाशी, प्रत्येक सिलिंडरच्या वेगळ्या इंजेक्टरमधून फवारलं जातं. वाटेत ओघळायला काही नसतंच.

हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही, खानापुराच्या पुढं राहणाऱ्याला सकाळी कळतो. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत धुकं आणि झड चालू असताना चोक ओढून गाडी सुरू होते, पण चोक आत ढकलला की घुटमळते, थोडा ओढला की काळा धूर. पाणी गरम होईपर्यंत एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसायचं. एमपीएफआय गाडीला हे माहीतच नाही. किल्ली फिरवली की इंजिन किती थंड आहे ते सेन्सर सांगतो आणि पेट्रोल तेवढं वाढतं. सकाळी सातला ड्युटीवर पोचायचं असेल तर हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून निघतो म्हणायला हरकत नाही. ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉलही बरंचसं इकडचंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, इथेनॉलला 9. म्हणजे जुन्या जेटमधून (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) तेवढंच पेट्रोल गेलं तर मिश्रण पातळ होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, पिकअप पडतो, मिसिंग येतं. गंमत अशी की बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. वर हवा विरळ, त्यामुळं कार्बोरेटर मुळातच थोडा जाड पाजतो, आणि इथेनॉलचा पातळपणा थोडाफार झाकला जातो. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात की झाकण उघडतं. एमपीएफआयला सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर आणि मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर हे दोन्ही आपोआप सांभाळून देतात. पण 2002-03 च्या गाडीतला पंप आणि रबरी सील काही या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते, तेव्हा एमपीएफआयकडे गेलो म्हणून इथेनॉलपासून सुटलो असं समजू नका.

इथवर एमपीएफआय जिंकतंय. आता खिशाकडे बघू.

कार्बोरेटर ओव्हरहॉल म्हणजे पॅकिंग किट, फ्लोटची सुई, जेट, डायफ्राम, दिवसभराचं काम. मॅनिफोल्ड बदलणं म्हणजे नुसता मॅनिफोल्ड कधीच नाही. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सगळे सेन्सर, इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंगचा अख्खा गुच्छ. स्पार्कचं टायमिंगही इसीएम ठरवतो, म्हणून ज्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याच गाडीचं इग्निशन. पाइपात ऑक्सिजन सेन्सरसाठी आट्यांचा नट वेल्ड करायचा. आणि पेट्रोल पंप. कार्बोरेटरचा पंप कॅमवर चालतो, दाब नावापुरता. इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो, पंप टाकीत बसवावा लागतो. जुनाच रबरी पाइप आणि साधी क्लिप ठेवून हे केलंत तर एक दिवस गरम इंजिनवर पेट्रोलची पिचकारी उडेल. इथं काटकसर नकोच. इंजेक्शनच्या दाबाचाच पाइप घ्या.

सुट्टे भाग चार ठिकाणांहून जमवण्यात अर्थ नाही. एकाच अपघाती गाडीतून सगळा सेट, वायरिंग न कापता, मिळत असेल तरच हात घाला. आणि वायरमन आधी गाठा, मेस्त्री नंतर. बोल्ट कुणीही आवळेल, पण चेक इंजिनचा दिवा का पेटलाय हे शोधायला बसणारा माणूस निपाणीपासून खानापूरपर्यंत शोधावा लागतो. उलट, कणकुंबीच्या रस्त्यावर कार्बोरेटर तुंबला तर टपरीवरचा मोटरसायकलवाला मेस्त्रीसुद्धा जेट फुंकून गाडी चालू करून देतो. टाकीतला पंप तिथं बसला तर टोचन करून आणायची.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीशी न जुळणारा बदल चालत नाही. ब्लॉक तोच राहिला तर इंजिन नंबर बदलत नाही, पण पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी न्यायची असेल तर केए-22 असो वा चिकोडीची केए-23, काम काढायच्या आधी आरटीओत विचारून या.

तेव्हा माझं मत असं: गाडी रोज पळते, थंडी-पावसाच्या भागात राहता, पूर्ण सेट आणि वायरमन दोन्ही हाताशी आहेत, तर बदला. यातलं एक जरी नसेल तर कार्बोरेटर नीट उघडून, जेट किंचित मोठा घालून, रबराचे पाइप बदलून ठेवा. आणि बदलाचा खर्च एखाद्या चालू एमपीएफआय 800 च्या किमतीजवळ जात असेल, जातोच बऱ्याचदा, तर ती गाडीच घ्या की सरळ.

माझी अजून कार्बोरेटरवरच आहे. तो मॅनिफोल्ड माळ्यावर पडलाय. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पण पॅकिंग बरोबर आणा. अल्टोचं.