सलग पाच वर्षं की तीन अधिक दोन?

बारावीनंतर ‘नेस्ट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन कलिन्याच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थेत ५ वर्षांची सलग एमएस्सी करता येते. ठाण्याहून कुर्ला, पुढे बस. मुलगा घरून ये-जा करू शकतो. मधे पुन्हा प्रवेशाची धावपळ नाही. पण शैक्षणिक कर्ज काढलंत तर बँकेने पैशांचा पहिला हप्ता दिल्यापासून व्याज चढू लागतं, आणि फेड साधारणपणे शिक्षण संपून वर्षभराने सुरू होते. शिकताना निदान व्याज तरी भरत राहा. आयकराच्या जुन्या करपद्धतीत त्या व्याजावर सूट मिळते.

ठाण्यातच तीन वर्षांची बीएस्सी केली तर कर्ज काढणं पुढे ढकलता येतं. नंतर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत दोन वर्षांची एमएस्सी. जॅम सोपी नाही, हे आहेच. तरी सतराव्या वर्षी विषय पक्का नसेल, तर मी हाच रस्ता सुचवेन.