पैसे भरून घेतलेलं व्हाऊचर फुकटच्या कूपनासारखं वागवतात: दिवाळीपासूनचा अनुभव

आमची सांगलीतली शाळा-कॉलेजच्या सेवकांची लहान पतसंस्था. दिवाळीला सभासदांना भेट द्यायची जुनी पद्धत आहे. स्टीलचे डबे झाले, ब्लँकेटं झाली, कुकर झाले. घराघरांत तेच तेच साठायला लागलं, तेव्हा सभासदच म्हणाले की ज्याला जे हवं ते घेऊ द्या. म्हणून गेल्या दिवाळीला 2,000 रुपयांची व्हाऊचर द्यायचा ठराव झाला. सगळी भिस्त एकाच दुकानावर नको म्हणून तीन पर्याय ठेवले. एका मोठ्या साखळी दुकानाची 500 रुपयांची छापील व्हाऊचर, अनेक ब्रँडच्या दुकानांत चालणारं मोबाईलवरचं गिफ्ट कार्ड, आणि गणपती पेठेतल्या एका जुन्या कापड दुकानाची शिक्का मारलेली कूपनं. संस्थेचा हिशेब माझ्याकडे आहे, त्यामुळे कौतुक आणि तक्रारी दोन्ही माझ्याच टेबलावर आल्या. शाळा सुरू व्हायच्या आधीची खरेदी आता उरकली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

या दिवाळीला साखळी दुकानाची व्हाऊचर आम्ही घेणार नाही. दुकान वाईट नाही, मालही चांगला आहे. पण पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या व्हाऊचरला तिथे पैशाची किंमत नाही. आमच्याकडे आलेले बहुतेक वाद या एका गोष्टीतून निघाले.

फेब्रुवारीत एका सभासदाच्या पत्नीबरोबर मी विश्रामबागच्या शोरूममध्ये गेले होते. वहिनींनी 1,340 ची साडी आणि मुलाला 420 चा शर्ट घेतला. बिल 1,760. हातात 500 ची चार व्हाऊचर. कॅशियर म्हणाला, "मॅडम, वरचे 240 परत मिळणार नाहीत." मी म्हटलं, ठीक आहे, तीनच लावा, 260 रोख देते. तर म्हणाला, "साडीवर ऑफर चालू आहे. ऑफरच्या मालाला व्हाऊचर चालत नाही. एका बिलावर एकच ऑफर." वहिनी म्हणाल्या, "अहो दादा, ही ऑफर कुठली? संस्थेने पैसे भरलेत." बिचाऱ्या पोराने स्क्रीन आमच्याकडे फिरवला. तिथे मला जे दिसलं ते विसरणं शक्य नाही. रोख, कार्ड, यूपीआय हे सगळं 'पेमेंट' या रकान्यात, आणि आमचं व्हाऊचर खाली 'डिस्काउंट' मध्ये. त्याची काहीच चूक नव्हती. सिस्टीमच अशी बनवलेली होती. शेवटी साडी रोखीने घेतली आणि शर्टाला एक व्हाऊचर लावलं. 80 रुपये बुडू नयेत म्हणून वहिनींनी काउंटरवरच्या रुमालांचा जोड उचलला, तो 99 ला होता, म्हणजे वर 19 रुपये आणखी दिले.

वर्तमानपत्रातून कापलेलं 'दोनशे रुपये सूट' चं कूपन आणि आम्ही चेक देऊन घेतलेलं व्हाऊचर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दुकानदार स्वतःच्या खिशातून काही सोडतो, म्हणून त्याने हवी ती अट घालावी. दुसऱ्यात माझे पैसे आधीच त्याच्या गल्ल्यात गेलेले असतात. तरी दोन्हींच्या मागे त्याच ओळी छापतात: दुसऱ्या ऑफरसोबत चालणार नाही, उरलेली रक्कम मिळणार नाही, हरवल्यास जबाबदारी नाही, कंपनीचा निर्णय अंतिम. आम्हाला व्हाऊचर विकायला आलेल्या साखळी दुकानाच्या प्रतिनिधीने ईमेलवर 'सर्व मालावर चालेल' असं स्पष्ट लिहून दिलं होतं, तो ईमेल जपून ठेवला आहे. व्हाऊचरच्या मागे मात्र इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, उलटंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अट ही दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरात हवी असं म्हटलं आहे. दर्शनी बाजूला मोठ्या मराठी अक्षरात 'दिवाळी भेट 500 रुपये' आणि मागे हे. कुणालाही पटेल का?

मुदतीचंही तेच. या व्हाऊचरची मुदत सहा महिने होती. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण सभासदांना वाटत होतं की रिझर्व्ह बँकेचा नियम सगळ्यांनाच लागू असतो. तसं नाही. जे व्हाऊचर फक्त काढणाऱ्याच्याच दुकानात चालतं, ते 'क्लोज्ड सिस्टीम' मध्ये मोडतं. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि तिचे नियमही लागू होत नाहीत. अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड मात्र 27 ऑगस्ट 2021 च्या निर्देशांखाली येतं. त्याची मुदत किमान एक वर्ष, रक्कम जास्तीत जास्त 10,000, आणि मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत ग्राहकाला अधूनमधून सूचना द्यावी लागते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुदत संपल्यानंतर पैशाचं काय होतं ते. बँक नसलेल्या कंपनीने काढलेल्या गिफ्ट कार्डात शिल्लक राहिली, तर ती मुदतीनंतर किमान तीन वर्षं कंपनीला नफ्यात घेता येत नाही. मुदतीनंतर ग्राहकाने मागितली तर ती त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. साखळी दुकानाच्या छापील व्हाऊचरला असं काही नाही. मुदत गेली की रक्कम सरळ दुकानाची. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेत व्हाऊचरचा विषय झाला आणि 31 डिसेंबरला परिपत्रक निघालं. व्हाऊचरचा व्यवहार म्हणजे मालाचा पुरवठा नव्हे आणि सेवेचाही नव्हे, कर लागेल तो त्यातून घेतलेल्या मालावर, असं त्यात आहे. न वापरलेल्या व्हाऊचरच्या रकमेवरही जीएसटी नाही. म्हणजे आमचा एखादा निवृत्त शिपाई मामा गुडघेदुखीमुळे वेळेत दुकानात पोचला नाही, तर त्याचे 500 रुपये माल न देता आणि जीएसटी न भरता कंपनीकडे राहतात. याचा मला मनापासून राग येतो.

गिफ्ट कार्डाचा अनुभव यापेक्षा पुष्कळ बरा. 640 ची खरेदी केली तर 1,360 शिल्लक दिसते, पुढच्या महिन्यात वापरता येते. एका बाईंनी चप्पल परत केली तर पैसे पुन्हा कार्डात आले. रोख मात्र मिळत नाही, नियमातच तशी सोय नाही, हे आधी सांगून टाकावं, नाहीतर लोक रुसतात. खटके उडाले ते दुकानांच्या यादीवरून. ॲपमध्ये ब्रँडचं नाव असतं, सांगलीतल्या दुकानावर पाटीही त्याच ब्रँडची, आणि आत गेल्यावर "आमची फ्रँचायझी आहे, कार्ड कंपनीच्या दुकानातच चालेल." काही सभासदांना त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागलं. दोन हजारांच्या कार्डासाठी एसटीचं भाडं, ऊन आणि अख्खा रविवार. यादीत शहराचं आणि दुकानाचं नाव असायलाच हवं. आणखी एक, कोड एसएमएसने येतो. ज्येष्ठ सभासदांचे नंबर बदललेले असतात किंवा फोन मुलाकडे असतो. नंबर आधी तपासून घेतले तर निम्मा त्रास वाचतो.

गणपती पेठेतल्या दुकानाबद्दल लिहायला फारसं काही नाही, कारण भांडणच झालं नाही. उरलेली रक्कम मालक कूपनाच्या मागे पेनाने लिहून सही करतात. सेलच्या मालालाही चालतं. मुदत विचारली तर म्हणाले, "ताई, पैसे दिलेत ना तुम्ही?" यात कायद्याचं कवच काही नाही, उद्या दुकान बंद झालं तर कूपनाचा कागदच हातात राहील. म्हणून तिथे मोठी रक्कम अडकवू नये, पण अनुभव म्हणून पहिला नंबर त्यांचाच.

साखळी दुकानाविरुद्ध आम्ही आधी त्यांच्या कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं की व्हाऊचर संस्थेने घेतलंय, सभासद ग्राहकच नाहीत. हे ऐकून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा किंवा सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच आहे. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, सोबत तो ईमेल आणि बिलाचे फोटो. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. मुदत संपलेली व्हाऊचर नव्या तारखेने बदलून मिळाली. उरलेल्या रकमेचं आणि सेलच्या मालाचं मात्र 'अटीत लिहिलेलं आहे' एवढंच उत्तर.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूत, तक्रार सांगलीत चालते. दिलेला मोबदला, म्हणजे आपण भरलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. माझ्या ओळखीच्या वकिलांनी एक बारकावा सांगितला. अटच एकतर्फी आहे, 'अनुचित करार' आहे असं म्हणायचं असेल तर कायद्याप्रमाणे ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. तोंडी आणि ईमेलवर एक सांगून प्रत्यक्षात दुसरं दिलं, ही 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडली तर जिल्हा आयोगात चालते. आम्ही दुसऱ्या वाटेने जातोय. नोटीस गेली आहे.

या दिवाळीसाठी कोटेशन मागवताना तीन प्रश्न लेखी विचारले आहेत: बिल करताना व्हाऊचर पेमेंटमध्ये धरता की डिस्काउंटमध्ये, उरलेली रक्कम पुढे वापरता येते का, आणि सांगली-मिरजेतल्या कोणत्या दुकानात चालेल त्याचा पत्ता. गिफ्ट कार्डवाल्यांनी पत्त्यांसह यादी पाठवली. गणपती पेठेतल्या मालकांनी कागदावर सही करून दिली. साखळी दुकानाच्या प्रतिनिधीने फोनवर "तसं काही नसतं मॅडम, चालून जातं" एवढं सांगितलं, लेखी उत्तर अजून आलेलं नाही.