सेटिंगमध्ये स्नॅपड्रॅगन, आत एमटी६५८०

ऑनलाइन फोन घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा. मला धडधडीत खोटं सांगून फोन विकला गेला आणि हा धंदा अजून बंद झालेला नाही.

जाहिरातीत होतं: स्नॅपड्रॅगन ८ जेन १ (क्वालकॉमची महागड्या फोनमधली प्रोसेसर चिप), दहा कोर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), १६ जीबी रॅम, ५जी. फोन आला, सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडलं, तिथेही अक्षरशः हेच. पण कीबोर्डवर बोट टेकवलं की अक्षर उमटायला वेळ लागायचा. नकाशा उघडला की मागची सगळी ॲप बंद. वरच्या पट्टीत ५जी दिसतंय आणि साधा फोटो जाता जात नाही!

मग प्ले स्टोअरवरून सीपीयू-झेड हे आतली चिप तपासणारं ॲप टाकलं. कोर: ४. कॉर्टेक्स-ए७, म्हणजे आर्म कंपनीच्या आराखड्याचा एक जुना, छोटा कोर. हार्डवेअर: एमटी६५८०. एबीआयच्या ओळीत (फोन कोणत्या प्रकारची ॲप चालवू शकतो ते सांगणारी ओळ) फक्त आर्मईएबीआय-व्ही७ए, म्हणजे फोन जुन्या ३२-बिट पद्धतीवर चालणारा. आजच्या ६४-बिट फोनमध्ये त्या ओळीत आर्म६४-व्ही८ए असायलाच हवं. एमटी६५८० ही मीडियाटेकची २८ नॅनोमीटरची जुनी, स्वस्तातली चिप. तिच्या मोडेमची (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाची) धाव ३जीपर्यंतच, त्यामुळे ती ५जीची खूण निव्वळ चित्र होती.

'फोनबद्दल' या पानावरचं नाव म्हणजे नुसता मजकूर. सॉफ्टवेअर भरणारा तिथे हवं ते टाइप करतो. म्हणून नावापेक्षा कोर तपासा. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ मध्ये आठच कोर असतात: एक कॉर्टेक्स-एक्स२, तीन ए७१०, चार ए५१०. 'दहा कोर' हा शब्दच त्या जाहिरातीचं पितळ उघडं पाडत होता. दहा कोरची चिप मीडियाटेकने २०१५ मध्ये जाहीर केली होती, हेलिओ एक्स२०; तिचा स्नॅपड्रॅगनशी काही संबंध नाही. फोनमध्ये आधीपासून असलेल्या तपासणीच्या ॲपवर मात्र विसंबू नका, त्यातही फेरफार केलेला असू शकतो.

अस्सल कंपन्यांच्या फोनबाबतही 'ऑक्टा-कोर' (आठ कोर) एवढ्यावर भुलू नका. मीडियाटेकच्या हेलिओ पी३५ मधले आठही कोर कॉर्टेक्स-ए५३, म्हणजे आर्मने २०१२ मध्ये आणलेले, बॅटरी वाचवण्यासाठीचे छोटे कोर. स्नॅपड्रॅगन ६८० मध्ये निदान चार मोठे ए७३ आहेत. दोन्ही ऑक्टा-कोरच, गिगाहर्ट्झही (कोरचा वेग) जवळपास सारखेच, पण वापरताना फरक लगेच कळतो. ही फसवणूक नाही, पण विकणारे याचा फायदा घेतात हे खरं.

विक्रेत्याला स्क्रीनशॉट पाठवले तर उत्तर आलं, 'ॲप चुकीचं दाखवतं, अपडेट आला की ठीक होईल.' अपडेटने चिप बदलत नाही. परत करायची मुदत संपेपर्यंत तो असाच झुलवत राहिला आणि नंतर जाहिरातच गायब. तेव्हा पैसे भरण्याआधी जाहिरातीच्या पूर्ण पानाचे फोटो काढून ठेवा, खोकं उघडताना व्हिडिओ घ्या आणि चिपची तपासणी त्याच दिवशी उरका.